शांततेचे राखणदार

आमच्या डब्लिनकरांइतका पोलिसांवर जीव असलेला माणूस नेदरलँड्समधल्या आमच्या अख्ख्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावात शोधून सापडणार नाही. खरं आडनाव वेगळंच, पण डब्लिनला नोकरी करून इथे आल्यापासून त्यांना दुसरा विषयच नव्हता. पोलिसांची गाडी दिसली की सायकल थांबवून सुरू: "तिकडे पोलिस नाही म्हणत. गार्डा शीओखाना. म्हणजे शांततेचे राखणदार. देश स्वतंत्र झाला, जुने बंदूकवाले गेले, नवे बिनबंदुकीचे आले आणि त्यांना नाव दिलं स्वतःच्या भाषेतलं. आपण काय केलं? मामा म्हटलं." कोरोनात सुपरमार्केटच्या रांगेत दीड मीटरवरून त्यांनी हेच मला पुन्हा ओरडून ऐकवलं, आणि मग पुढच्या डच आजीबाईंना इंग्रजीतून. माणूस लाखमोलाचा, पण डोकं उठवायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील पुण्यात गेले. विमानं बंद. थोरला मी, पण अग्नी धाकटा भाऊ देणार, आणि मी ते फोनवर बघणार. घरात एकच पाहुणा चालेल, असा तेव्हा इथला नियम. डब्लिनकर आले ते इथल्याच तिघा मराठी मित्रांना घेऊन. म्हणाले, "खांद्याला चौघं लागतात. तुम्ही इथे अडकलात म्हणून वडिलांना तुमच्याकडून चौघं मिळू नयेत?" मी त्यांना आत घेतलं. मास्क लावून चौघं माझ्यामागे उभे राहिले, आणि बेल वाजली. कुणा शेजाऱ्याने कळवलं असणार. दारात एक पोलीसबाई होती.

फोनवर तिकडून भाऊ म्हणाला, "दादा, वेळ झाली." दंड गेला खड्ड्यात, पण चौकशीत अडकलो तर वडिलांचं शेवटचं दर्शन हुकणार होतं. डब्लिनकर पुढे सरसावले. मनात म्हटलं, मेलो, आता आयर्लंड सुरू होणार. पण ते हळू आवाजात एवढंच म्हणाले, "ह्यांना मी आणलं. ह्याचे वडील गेलेत. फोन धरायला एकाला राहू द्या, आम्ही जातो."

तिने मान हलवली. डब्लिनकर आणि दोघं असे तिघं बाहेर गेले, पण घरी गेले नाहीत. आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर अंतर सोडून हात जोडून उभे राहिले. आत राहिलेल्याने फोन काचेशी धरला, म्हणजे मलाही दिसेल आणि त्यांनाही. पोलीसबाई गाडीकडे निघाली होती. ती थांबली, मागे वळली, टोपी काढली आणि रांगेत चौथ्या जागी येऊन उभी राहिली. भावाने अग्नी दिला. मी ढसाढसा रडलो.

त्या दिवशी डब्लिनकरांनी ते आयरिश नाव एकदाही उच्चारलं नाही. पुढे ते पुण्याला परत गेले. आता पोलिसांची गाडी दिसली की सायकल मी थांबवतो, आणि शेजारी ऐकायला कुणी नसतं.