शेलूबाजारात लपवलेले जोडे

पुणे सोडताना मी खिशात एक कोरी वही टाकली. शब्दांचे खरे अर्थ कोशात नसतात, ते प्रवासात सापडतात, असा माझा समज. आगगाडी वाशीमला पोहोचेपर्यंत पहिली नोंद तयार होती. ‘वेळापत्रक : गाडी किती उशिरा आली हे मोजायचे साधन.’

काम मात्र गमतीचे नव्हते. शेलूबाजारला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पुण्याचे ओळखीचे डॉक्टर सोमवारी शस्त्रक्रिया करणार आणि लगेच वर्षभरासाठी विलायतेला जाणार. म्हणजे तिला घेऊन दुसऱ्याच सकाळी निघायला हवे होते.

‘सर्व्हिस मोटार : भरली की निघत नाही, चेपली की निघते.’ शेजारच्या माळ्याची वांग्यांची टोपली निम्मी माझ्या मांडीवर होती.

“केव्हा सुटणार हो?” मी ड्रायव्हरला विचारले.

“सुटंन ना जी. तुमाले कायची घाई हाय?”

‘घाई : नेहमी दुसऱ्यालाच असणारा दुर्गुण.’

शेलूबाजारला उतरून आक्काच्या घरी पोहोचलो, तर ताटात रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी. चौथ्या रोडग्याला मी ताटावर हात आडवा धरला.

“काहून? पुन्यातले लोक येवढंच खातेत?” म्हणत भाऊजींनी तो हाताच्या फटीतून सरकवला. ‘आग्रह : ज्याची फिर्याद देता येत नाही असा हल्ला.’

सकाळी निघायला उठलो, तो जोडे गायब! पाहुण्याने लवकर जाऊ नये म्हणून इकडे त्याचे जोडे लपवतात. लपवणारी खुद्द आक्काच होती.

“एक दिस तं राह्य, बापू. बारा वर्सानं आला.”

“अगं, तुझ्याच डोळ्यांसाठी निघालोय ना! दे लवकर.”

ती उठली. कणगीमागे चाचपले, उतरंडीत हात घातला, गव्हाणीपर्यंत जाऊन आली. मग ओशाळून म्हणाली, “कुटी ठेवले तेच दिसून नाई राह्यलं रे.”

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मी तिच्यावर ओरडलो. त्याची अजून लाज वाटते. शेवटी तिचा हात धरून अनवाणीच धावत सुटलो. मोटार मिळाली. वाशीमला गाडी उभीच होती, त्यामुळे नवे जोडे घेणे राहिले. डब्यातल्या एका वकिलांनी माझा कोट पाहून सरकून जागा दिली, पाय पाहून परत घेतली. ‘प्रतिष्ठा : घोट्याच्या खाली राहते.’

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. यथावकाश पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून आक्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला.

“तू तं म्हातारा झाला रे, बापू. आन् मले कोनं सांगतलंबी नाई.”

बारा वर्षे कामे फार होती, असे म्हणायला मी तोंड उघडले. मग वही काढून ‘घाई’च्या नोंदीतला ‘दुसऱ्यालाच’ हा शब्द खोडला.