दिवाळीनंतर बांधलेली गुरं

तलासरीपुढं माझी लेक दिली आहे, त्या पाड्यावरून दिवाळीनंतर कुणी वीटभट्टीवर जात नाही. आपला पाडा मात्र भात झोडलं की रिकामा. माझा रमेशही बायकोला घेऊन निघाला होता. मी म्हणालो, "तिकडं विहिरींना पाणी जास्त असेल. बघून येतो, मग जा." शाळा दुसरीपर्यंतच झाली माझी, पण जमीन मला वाचता येते.

लेकीसाठी बोकड घेतला. पालघर जिल्हा नवा झाला, एसटी जुनीच.

"बाबा, बोकडाचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"तो काय खिडकीत बसतोय?"

सगळी गाडी हसली. तिकीट काढावंच लागलं. विवळवेढ्याला महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले आणि अच्छाडच्या अलीकडं उतरलो.

आधी व्याह्यांच्या विहिरीत दोर सोडला. पाणी आपल्यापेक्षा दोन हात खोलच! तरी शेतात वाल, मिरची, वांगी, आणि कुंपण कुठंच नाही. मी बघत राहिलो, तेवढ्यात बोकड हातातून सुटून शेजारच्या म्हातारीच्या वालात शिरला.

"कुणाचा हा मेला?"

"पाहुण्यांचा," लेक हळूच म्हणाली.

"पाहुणा घरात जेवतो, शेतात नाही!"

तिथं दिवाळी झाली की सगळ्यांची गुरं खुंट्याला. ज्याचं जनावर सुटेल, त्यानं त्या शेताला सकाळभर पाणी घालायचं.

"व्याहीबुवा, तुम्ही बसा, मी घालतो," व्याही म्हणाले.

"बोकड माझा आहे," मी म्हणालो आणि घागर उचलली.

म्हातारी बांधावर बसून सांगत होती, "बुडाशी घाला, पानांवर नको." जन्मभर शेती केलेल्या माणसाला! पण घागरी ओतताना आठवलं. मीही एकदा मिरची लावली होती. गावकऱ्यांनो, तुमच्या गुरांनी ती खाल्ली. त्या रागानं मी माझी गुरं आणखीच मोकाट सोडली.

दुपारी नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीबरोबर म्हातारीनंच वालाची भाजी पाठवली. राग गेला होता, तिखट तेवढं राहिलं होतं.

परत आलो तर रमेश गोणीत भांडी भरत होता. मी चारही गुरं दाव्याला बांधली.

"आपली बांधून काय होणार?" तो म्हणाला. "गावाची?"

म्हणून हे गावासाठी लिहितोय. पाणी आपल्याकडं आहे, दावं नाही. उद्या मी वाल पेरतो. ज्याचं जनावर शिरेल त्याच्या हातात घागर देईन. माझं सुटलं तर तुमच्या शेतात मी येईन, म्हातारा म्हणून सूट नको.

रमेशची गोणी अजून दारातच आहे. तवा मात्र त्यानं बाहेर काढलाय.