बोर्डासमोरचा कडुनिंब
ओल्या गोणपाटाचा वास आला की मला बिबवेवाडीतली ती रविवारची सकाळ आठवते. मी तेव्हा तिथल्या मुख्य रस्त्यावर एसटीडी बूथ चालवायचे. रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली होती, म्हणून आम्ही दुकानदारांनीच आपापल्या दारापुढे रोपं लावायचं ठरवलं होतं. मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलेले कडुनिंब फुटपाथवर ओळीने मांडले होते. खड्डे खणत आम्ही नव्या मोबाइलच्या दुकानापाशी आलो, तर मालक आडवे आले. “अहो मॅडम, इथे नको. कालच बोर्ड लावलाय, झाकला जाईल.” शेजारचे बांगडीवाले चाचा शांतपणे म्हणाले, “बोर्ड दिसेल हो, पण उन्हात तो वाचायला थांबणार कोण?” सगळे हसले, मालक मात्र हसले नाहीत. ते नकारावर अडून राहिले असते, तर पुढचे दुकानदारही मागे सरले असते. मी कुदळ खाली ठेवली नाही. म्हटलं, “बोर्डावर फांदी आली तर छाटायची जबाबदारी माझी.” “आणि पाणी?” “ते तुमच्याकडे.” ते आत गेले आणि बादली भरून घेऊन आले. पुढे कितीतरी वर्षं मी स्टुलावर चढून त्या फांद्या छाटल्या. एकदा कात्री घेऊन गेले, तर स्टुलावर मालकच उभे होते. फांद्यांना हातही न लावता ते बोर्डच उतरवून फांद्यांच्या खाली लावत होते. आता गुडघ्यांमुळे मला स्टुलावर चढवत नाही, पण कुठल्याही रस्त्यावर झाडं लावायची म्हटलं की नको म्हणणाऱ्या दुकानदाराकडे मी सगळ्यात आधी जाते.