साडूंचा वळसा

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट जवळच्या रस्त्याने केलेली नाही. वर जायची वेळ आली तरी ते भुसावळला गाडी बदलूनच जातील. जळगावहून सासुरवाडीला अमळनेरला निघायचं, तर कुठे खड्डे, कोणत्या गावचा बाजार, कोणतं फाटक बंद, याची चौकशी आदल्या दिवसापासून. मग धरणगावचा सरळ रस्ता सोडून स्वारी पारोळ्यामार्गे. बाकीचे जावई आचवून सुपारी चघळत असताना हे दारात उभे, आणि आमच्या सासूबाई, म्हणजे अक्का, स्वयंपाकघरातून, आलात का म्हणून, अहिराणीत तोफ डागत, "उनात का? बठ्ठं जेवन थंडं व्हई गयं." त्यावर हे शांतपणे, "पण अक्का, एकही खड्डा लागला नाही."

असल्या माणसाला नोकरीही तशीच मिळाली. एका संशोधन रुग्णालयात ते ऑपरेशनची आखणी करतात. एमआरआयच्या चित्रांवरून मेंदूतल्या गाठीपर्यंतचा रस्ता संगणकावर आधी काढून ठेवायचा. डॉक्टर पडद्यावर तो बघत बघत हत्यार पुढे नेतात. घरीही हेच वेड. भरताच्या वांग्यात लसणाची पाकळी खुपसायची आणि कमीत कमी बियांना धक्का लावून विणायच्या सुईने ती गाठायची. एकदा अंगणात वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटलेल्या, पाहुणे खोळंबलेले, आणि हे वांगं उजेडात धरून बसलेले. मेहुणी म्हणाली, "आधी भाजू द्या, मग करा ऑपरेशन." हे म्हणाले, "भाजल्यावर कसलं ऑपरेशन? ते पोस्टमॉर्टेम."

मागच्या वर्षी अक्कांच्याच डोक्यात गाठ निघाली, तीही बोलण्याच्या जागेला खेटून. ठेवली तर जिवाला धोका, काढावी तर वाचा जायची भीती. अक्कांची वाचा गेली तर त्या घरात उरणार काय, हे तिथे जेवलेल्यालाच कळेल. साडूंच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी जवळचा रस्ता सुचवला. साडू रात्रंदिवस त्या चित्रांपुढे बसले आणि मागच्या बाजूने वळसा घालणारा दुसरा घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "यात वेळ फार जाईल." हे म्हणाले, "जाऊ द्या साहेब. तुमच्या रस्त्यात बोलण्याचे धागे आडवे येतात, हे बघा." डॉक्टरांनी एकेक चित्र पुन्हा पाहिलं आणि वळसा मान्य केला.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ साडू बाकावर माझ्या शेजारी होते. हातातल्या चहावर साय धरली. "आखलं मी आहे. चुकलं असेल तर मीच," एवढंच एकदा म्हणाले. मला त्यांची अशी माया आली की मी त्यांचा हात धरला. पुरुषमाणसांनी असं करायची आमच्याकडे पद्धत नाही.

शुद्धीवर आल्यावर अक्का नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाशी उभ्या असलेल्या साडूंवर त्यांची नजर थांबली, आणि ओठ हलले. "काय दखी ऱ्हायनात, जवाईबापू? बठा ना." साडू मटकन बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

आता अक्का बोलतात, पण मधेच एखादा शब्द अडतो. परवा पातेल्याकडे बोट दाखवून थांबल्या. आम्ही सगळे तो शब्द पुरवायला धावलो, तर साडूंनी हाताने अडवलं. "थांबा. येतोय तो." कधी येतो, कधी येत नाही. त्या घरातली तेवढी शांतता मला सोसत नाही, मी उठून ओसरीवर जातो. साडू मात्र अक्कांसमोर पाट ओढून घेतात आणि वाट बघत बसतात.