तक्रार : घड्याळ बंद पडत नाही

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर लाल पेन्सिल हातात धरूनच वाचते. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि विज्ञान शिकवलेल्या बाईची ती खोड आहे. ‘एका गावी...’ — कुठल्या? ‘अचानक आवाज आला...’ — किती वाजता, आणि आणखी कोणी ऐकला? समासात प्रश्नचिन्हं काढायची आणि अंक रद्दीत टाकायचा, हा माझा शिरस्ता.

आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले ताईत, गंडेदोरे, अंगाऱ्याच्या पुड्या सगळं गोळा करून चुलीत घातलं. आम्हा भावंडांपैकी कोणी काही ऐकीव सांगितलं की ते ताटावरून मान वर न करता विचारायचे, “पुरावा?” अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वाटत नाही, लाज वाटते.

तरी लिहिते आहे ते नातवंडांनो, अन्वी आणि आदित्य, तुमच्यासाठी. मेलबर्नला तुमच्या बाबाने यातलं अर्धंच तुम्हाला सांगितलंय असं दिसतं. संपूर्ण हकिगत अशी.

बीदरला नौबादमधल्या आपल्या घराची पुढची खोली तुम्ही पाहिली आहे. खिडकीपाशी टेबल, भिंगाचा दिवा, लेबलं लावलेल्या डब्या. निवृत्त झाल्यावर मी जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करायला शिकले. गावातल्या चौबारा बुरुजाजवळच्या गल्लीत एक म्हातारे उस्ताद आहेत, त्यांच्याकडे दोन वर्षं रोज दुपारी बसत होते. प्रत्येक घड्याळाची नोंद माझ्या वहीत असते : कोणाचं, तक्रार काय, कारण काय निघालं, उपाय काय केला. चावी किती फेरे दिली तेही लिहिते. आजवर ‘कारण’ हा रकाना मी कधी मोकळा सोडला नव्हता.

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता खटकचिंचोळीच्या सुमनबाई आल्या. शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या. रिक्षातून गोधडीत गुंडाळलेलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ त्यांनी पोटाशी धरून उतरवलं.

“काय झालंय याला?” मी वही उघडली.

“बंद पडंना झालंय, बाई.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “बंद पडलंय?”

“न्हाई ओ. बंद पडंना. चालायलंयच. आमचे अप्पा जाऊन अकरा म्हैने झाले, तवापासनं चावी कोन दिली न्हाई. चावीच न्हाई तर काय देतील? अप्पाच्या करदोड्याला होती, मातीला नेताना काढायची राहिली.”

अप्पा म्हणजे त्यांचे सासरे. दर गुरुवारी सकाळी आंघोळ झाली की पाटावर चढून घड्याळाला चावी द्यायचे आणि मगच चहा घ्यायचे. बासष्ट वर्षं. आता सासूबाई दर गुरुवारी दोन कप चहा ठेवायला लागल्या होत्या.

“एक कप तसाच गार होतो ओ. कामून ठिवता म्हनलं तर म्हनत्यात, घड्याळ चालायलंय न्हवं, मग? आता तुमीच बंद करा. न्हाई झालं तर तुमच्याकडंच ठिवा.”

मी हसले. दुसरी चावी घरात कोणाकडे तरी असणार, आणि सासूबाईंचं मन राखायला कोणीतरी गुपचूप फिरवत असणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

“आमच्याकडं कोनाला एवढी सवड हाय?” सुमनबाई म्हणाल्या. “जनावराला पानी दावायला सांगितलं तर तीनदा हाक मारावं लागतंय.”

मी वहीत लिहिलं — ‘तक्रार : घड्याळ बंद पडत नाही.’ वाचकहो, लिहिताना गंमत वाटली होती. नंतर त्या ओळीचा मला फार राग आला.

घड्याळ साधं होतं. आठ दिवसांचं. आत दोन स्प्रिंगा, एक वेळेची आणि एक ठोक्यांची. चावी दिली की स्प्रिंग आवळते, हळूहळू सुटत जाते, आणि सुटता सुटता काटे फिरवते. पूर्ण सुटली की घड्याळ थांबतं. यापलीकडे त्यात काही नाही. म्हणून तर मला ही यंत्रं आवडतात... पोटात काही लपवत नाहीत.

मी ते पूर्ण उघडलं. दोन्ही स्प्रिंगा काढून उस्तादांकडे नेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बोटांनी चाचपल्या.

“एकदम सादी है, मॅडम. आठ दिन की. भौत हुआ तो दस.”

“अकरा महिने चाललं म्हणतात.”

“हौ? तो फिर मेरेकू बी लगा देव एक,” ते म्हणाले आणि छातीवर थाप मारून हसले. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे.

घासूनपुसून, तेल देऊन मी घड्याळ परत जोडलं आणि एका गुरुवारी सकाळी माझ्याकडच्या चावीने दोन्ही बाजूंना चौदा-चौदा अर्धे फेरे दिले. वहीत नोंद केली. चावी डबीत, डबी कपाटात. आता फक्त ते थांबायची वाट बघायची होती. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने ते बंद पडावं म्हणून समोर बसावं, हेच मुळात हास्यास्पद.

दहाव्या दिवशी ठोके थांबले. बरोबर, ती स्प्रिंग संपली. काटे मात्र चालूच. बारावा दिवस, पंधरावा, अठरावा. रोज सकाळी उठून मी आधी तिकडे बघायची आणि चडफडायची. वेळेची स्प्रिंग नियम पाळत नव्हती, तिच्या शेजारची ठोक्यांची पाळत होती. एकाच पेटीत, एकाच तेलावर.

सुमनबाईंचा फोन यायचा. “पडलं का बंद?”

“नाही.”

“मी म्हनलं न्हवतं?” यात त्यांना थोडा आनंद व्हायचा, आणि तो मला अजिबात सहन व्हायचा नाही.

तीन आठवडे झाल्यावर, पुन्हा गुरुवारीच, सकाळी अकरा वाजता मी ते परत उघडायला घेतलं. इथे माझी चूक झाली, ती नीट सांगते. घड्याळ उघडण्याआधी उरलेली स्प्रिंग सैल करावी लागते. स्प्रिंग उलटी सुटू नये म्हणून तिच्या चाकाच्या दात्यांत एक छोटा खटका अडकलेला असतो. चावी मुठीत घट्ट धरायची, खटका उचलायचा, आणि चावी हातातून हळूहळू सरकू द्यायची. नवख्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. पण माझ्या हिशेबाने एकवीस दिवस चाललेल्या स्प्रिंगेत आता काही उरलेलंच नव्हतं. मी चावी नुसती दोन बोटांत धरली आणि स्क्रू-ड्रायव्हरने खटका उचलला.

स्प्रिंग पूर्ण भरलेली होती.

चावी भोवऱ्यासारखी फिरली आणि तिचा चपटा कान माझ्या अंगठ्यावर बसला. नख निघालं, तीन टाके पडले.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बँडेज दिसलं. मी मिलिंदला — तुमच्या बाबाला — सगळं सांगितलं. तो इंजिनियर आहे, त्याला तरी उलगडा होईल असं वाटलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो शांतपणे ऐकतो तेव्हा मला धास्ती वाटते.

“आई, तू चावी दिलीस आणि विसरलीस.”

“वहीत नोंद नाही.”

“द्यायचं विसरली नाहीस, लिहायचं विसरलीस. दुसरं काय असणार? तूच सांग.”

त्याच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं.

तुमचे आजोबा गेल्यापासून तो म्हणतोय, नौबादचं घर विक, आमच्याकडे ये, एकटी राहू नकोस. मी दर वेळी म्हणायची, माझं डोकं आणि हातपाय धड आहेत तोवर माझ्या घरात मला राहू दे. आता एका फटक्यात हातही गेला आणि डोकंही. आणि लपवत नाही, मलाही शंका यायला लागली होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी दोनदा कुलूप न लावता बाजारात गेले होते. वही उघडून मी माझंच अक्षर तपासत बसायची. जे लिहायचं राहिलं, ते राहिलं हे वही कशी सांगणार?

डिसेंबरात मिलिंद एकटाच आला, तुमची शाळा अजून सुटायची होती. येताना घर विकायच्या कागदांची फाइल घेऊन आला होता. चहा झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, प्रयोग करू. पद्धतशीर.

घड्याळ मी जोडून ठेवलं होतं. ठोक्यांची बाजू तशीच सोडली. वेळेच्या बाजूला त्याने स्वतः चावी दिली, चौदा अर्धे फेरे, मोठ्याने मोजत. मग मी डिंकाची बाटली आणली आणि शाळेत प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवर लावायचो तशी कागदाची पट्टी चावीच्या भोकावर चिकटवली. पट्टीवर अर्धी आणि तबकडीवर अर्धी येईल अशी सही करायची, म्हणजे पट्टी हलवली की कळतं. एक सही त्याची, एक माझी.

“आई, तबकडी खराब होईल.”

“होऊ दे. तुला पुरावा हवाय ना?”

त्या मापाच्या माझ्याकडे दोनच चाव्या होत्या. दोन्ही त्याने आपल्या बॅगेत ठेवल्या.

“दहा दिवसांनी थांबलं तर?” त्याने विचारलं.

“तर आधीची चावी मीच दिली होती. फाइल ठेवून जा, मी सह्या करीन.”

“आणि नाही थांबलं तर?”

“तर ती फाइल पुन्हा माझ्यासमोर आणायची नाही.”

त्याने बॅगेची चेन ओढली. आम्ही दोघंही विज्ञान शिकलेली माणसं. घड्याळ थांबणार हे त्याला माहीत होतं आणि मलाही. हे घर मी त्याच सकाळी मनातून सोडलं होतं. तो विमानतळावर जायला निघाल्यावर मी लेबलं लावलेल्या डब्यांची यादी करायला घेतली, कोणती उस्तादांना द्यायची त्याची.

आठवा दिवस. नववा. दहावा. डब्यांची यादी पूर्ण झाली होती. अकराव्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत जायचं टाळलं, स्वयंपाकघरात भाजी निवडत बसले. पण तिथपर्यंत आवाज येत होता. टक, टक. एकसारखा.

मला आनंद झाला असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. ते थांबलं असतं तर घर गेलं असतं, पण आयुष्यभर मुलांना जे शिकवलं ते शाबूत राहिलं असतं. चाललं म्हणून घर राहिलं, आणि शिकवलेल्याचं काय करायचं ते मला कळेना. चिडून मी घड्याळासमोर उभी राहिले आणि म्हटलं, “अहो, थांबा ना.” अहो म्हटलं, हे नंतर लक्षात आलं.

विसाव्या दिवशी मिलिंदचा व्हिडिओ कॉल आला. “पट्टी दाखव.” मी फोन जवळ नेला. दोन्ही सह्या जशाच्या तशा, रेघ रेघेला जुळलेली. त्याने दिवा लावून दाखवायला सांगितलं, मी दाखवलं. मग त्याने तिथल्या आपल्या टेबलाचा खण उघडला आणि दोन्ही चाव्या मला दाखवल्या. त्या परत खणात ठेवून त्याने खण लावला.

“आई,” तो शेवटी म्हणाला, “जेवलीस का?”

घराचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही. फाइल इथेच कपाटात आहे.

कोणी आत काही यंत्र बसवलंय का? मी दोनदा उघडून पाहिलंय. हादऱ्याने, उष्णतेने स्प्रिंग भरते का? शेजारची का भरत नाही? उस्तादांना विचारलं तर म्हणाले, “चलता है ना? चलने देव.” सुमनबाई ते परत न्यायला तयार नाहीत. घड्याळ घरातून गेल्यावर सासूबाईंनी दुसरा कप ठेवणं सोडलं म्हणे. मला ऐकून बरं वाटायला हवं होतं.

हे लिहिताना ते समोर चालू आहे. पट्टी लावल्याला आज सत्तर दिवस झाले. रविवारी मिलिंद आधी गोळ्या घेतल्या का ते विचारायचा, हल्ली आधी विचारतो, “चालू आहे?” मी म्हणते, “आहे.” मग तो इतर बोलतो.

अन्वी, तू विचारलंस, “आजी, मग चावी कोण देतं?” मला माहीत नाही. वहीत त्या घड्याळाच्या ओळीत ‘कारण’ हा रकाना अजून मोकळा आहे. शाळेत मुलांनी उत्तराची जागा मोकळी सोडली की मी तिथे शून्य द्यायची. रोज पेन उघडते, आणि शून्यही लिहवत नाही. काल गुरुवार होता. सकाळी आंघोळ करून आले आणि पाहिलं, तर ओट्यावर मी दोन कप काढून ठेवले होते. एक परत फडताळात ठेवला.