एकाच पलटणीचा खोकला

तांबट आळीत सकाळी आधी हातोडे वाजायचे आणि मागोमाग लहानूचा खोकला. लग्न झालं तेव्हा भागीबाईला त्या खोकल्याची धडकी भरायची. पुढे नवरा घरात कुठे आहे, हे ती त्यावरूनच ओळखू लागली.

लहानू मोठ्या लढाईत फ्रान्सला जाऊन आला होता, खेचरांच्या तुकडीत. तिथे काय झालं असं विचारलं की म्हणायचा, "थोडा धूर लागला."

थोरला भाऊ चिमाजी यावर वैतागायचा. "धूर कुणाला लागत नाही? माझी हयात भट्टीपुढे गेली." भट्टी पेटली की लहानू छाती धरून बाहेर पडायचा. चिमाजीच्या मते ती निव्वळ अंगचोरी. मग भाता भागीबाईच ओढायची, दिराचं बोलणं ऐकत.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात चांदवडचा महेबूब कांद्याच्या गाड्यांबरोबर नाशकात आला. लेकीच्या लग्नासाठी त्याला हंडा हवा होता. चिमाजी त्याला हंडा दाखवत असताना आतून खोकल्याची उबळ आली. महेबूबने हातातला हंडा खाली ठेवला.

"आत कोन खोकतंय?"

"धाकटा भाऊ. त्याचं रोजचंच आहे."

"लहानू तर नाय?"

एवढं बोलून तो हसायला लागला आणि हसता हसता त्यालाही उबळ आली. आधी कोरडी ढास, मग छातीत शिट्टी, मग लांबलचक ओढलेला श्वास. भागीबाई सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन दारात धावली आणि थबकली. नवरा तर तिच्या मागेच उभा होता.

"महेबूब, अरे जिवंत आहेस?" लहानू म्हणाला.

"तुझ्याएवढाच."

फ्रान्सला एकाच तुकडीत असलेले ते दोघे ओट्यावर बसले. त्या दिवशी भागीबाईला पहिल्यांदा सगळं कळलं. जमिनीसरशी सरपटत आलेला हिरवट-पिवळा विषारी धूर, तडफडून पडलेली खेचरं, माणसं. महेबूबने आपला फेटा फाडला, खेचरांच्या बादलीत बुचकळला आणि निम्मा लहानूच्या तोंडावर बांधला.

"त्या बादलीचं पानी लय घाण व्हतं," महेबूब म्हणाला. "ह्यो बेशुद्ध पडता पडता मला शिव्या देत व्हता."

दोघे हसले, खोकले, पुन्हा हसले. चिमाजी मात्र हंडा उचलून महेबूबकडे बघत राहिला. भट्टीचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या छातीत तीच शिट्टी त्याने ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन भट्टी फोडायला लागला. भागीबाईने विचारलं, "भावजी, हे काय?"

"परसात बांधतो. वर पत्र्याचं धुराडं बसवतो." पहार भिंतीला टेकवून तो म्हणाला, "त्याला ओट्यावरच बसू दे. हंड्यांवर ठोके घालायला त्याच्याइतका हात कुणाचा चालतो?"

खोकला काही गेला नाही. थंडीत तर लहानूला बसूनच झोपावं लागे. पण ओट्यावरच्या मोकळ्या हवेत त्याचा हातोडा दिवसभर वाजू लागला.

महेबूबच्या लेकीच्या लग्नाला सगळे चांदवडला गेले. महेबूबची बायको गुलजारबी भागीबाईला बाजूला घेऊन बसली. एकीने अडुळशाचा काढा सांगितला, दुसरीने ज्येष्ठमध. मग विषय नवऱ्यांवर गेला. दोघींचे नवरे काढा गुपचूप परसात ओतायचे, हे निघालं, तेव्हा दोघी इतक्या हसल्या की मांडवातले पाहुणे वळून बघायला लागले.