बाबांचं राहून गेलेलं पापनिवेदन

उपवासकाळात चर्चमध्ये पापनिवेदनाची रांग लागायची, तेव्हा बाबा आम्हांला रांगेत उभं करून स्वतः बाहेर निंबाखाली जाऊन बसायचे.

"तुमचं बारीकसारीक हाय, लवकर उरकल," ते म्हणायचे. "माझं लांबलचक. फादर उपाशी मरायचे."

मी हसायची. आई हसायची नाही. दादाला त्यांनी घराबाहेर काढलं, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. त्या दिवशी दोघांत नेमकं काय झालं, ते आम्हां मायलेकींना कळलं नाही. ख्रिस्तप्रसादासाठी सगळे वेदीपुढे जात, तेव्हा पापनिवेदन न केलेले बाबा बाकावर मान खाली घालून बसलेले असत.

बाबा चांदवडला गवंडीकाम करायचे. लोकांच्या भिंती बांधून त्यांनी मला शिकवलं. सिस्टरांच्या वसतिगृहात राहून मी पदवी घेतली, घरातली पहिलीच. आता मी नाशिक रोडला शिक्षिका आहे. बाबांना लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा त्यांना माझ्याकडेच आणलं. पुन्हा झटका आला तर सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबांच्या तोंडून नुसते तुटके आवाज यायचे. भरवता भरवता ते मला कळू लागले. बाकी कुणालाच कळत नव्हते.

आईने पापनिवेदनासाठी फादरांना बोलावून आणलं.

"खुणेनं चालंल ना, फादर?"

"चालेल, आई. मनापासून पश्चात्ताप असला की पुरे."

बाबांनी डाव्या हाताने पलंगावर थापा मारल्या. मी म्हणाले, "त्यांना बोलायचंय. सगळं."

फादरांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग म्हणाले, "त्यांची इच्छा असेल तर तू सांगू शकतेस मला. पण जे ऐकशील ते कुणालाही सांगायचं नाही. माझ्याइतकंच बंधन तुझ्यावर."

मी तयार होते. खरं तर आतुर होते. दादाचं काय झालं ते मला एकदाचं कळायला हवं होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"अहो, पोरीपुढं कसली लाज?" आई रडकुंडीला आली. "असंच जायचंय का वर? तिथं कोण दुभाषी मिळणार हाय तुम्हांला?"

त्यांनी मान वळवली नाही. भिंतीकडे पाहतच ते रडत होते. मी आईला घेऊन बाहेरच्या मोरीत आले. मधे नुसता पत्रा. बाबांचा आवाज सुरू झाला आणि पहिला शब्द मला कळला. दादा.

मी नळ पूर्ण सोडला. बादली भरली, वाहू लागली. एरवी थेंबासाठी ओरडणाऱ्या आईने रिकामं पातेलं उपडं करून धारेखाली धरलं. पत्र्याचं घर पाण्याच्या आवाजाने भरून गेलं.

फादर बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"तुम्हांला समजलं का हो त्यांचं?" आईने विचारलं.

"क्षमा मिळाली त्यांना, आई."

"पण समजलं का?"

फादरांनी प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डावी मूठ कानाला लावली आणि माझ्या मोबाईलकडे बोट केलं. दादाचा नंबर माझ्याकडे होता. नाताळला मी शुभेच्छा पाठवायची, तो नुसते जोडलेले हात पाठवायचा. मी फोन लावून बाबांच्या कानाशी धरला. रिंग वाजत राहिली, बंद झाली. त्यांनी पुन्हा मूठ कानाला लावली. रोज हेच. देवाने एका दुपारी जे दिलं, ते माणसाकडून मिळेना. रिंग संपली की बाबांचा चेहरा असा व्हायचा, की मला वाटायचं, हा नंबरच पुसून टाकावा.

मग एका सकाळी पलीकडून आवाज आला, "हां, बोल."

बाबा बोलू लागले. दादा गांगरला. "कोण आहे? काय म्हणतायत ते?"

फादर आले होते त्या दिवसासारखीच मी बाहेर जायला उठू लागले. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला खाली बसवलं. या वेळी त्यांनी तोंड भिंतीकडे केलं नाही.

मी फोन माझ्या कानाला लावला. ते एकेक शब्द सांगत गेले, मी दादाला सांगत गेले. पलीकडून हुंकारही येत नव्हता. पण फोन कट झाला नव्हता.